गुण मिळाले; पण पाठाचा पुरावा कुठे आहे?



आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत दरवर्षी काही आठवडे नवे चेहरे दिसतात. एकाच रंगाची साडी, काखेत गुंडाळलेला तक्ता, हातात टाचणवही आणि वर्गाच्या मागच्या बाजूला बसून काहीतरी लिहून घेणारे त्यांचेच दोन-तीन सोबती. मुले घरी येऊन सांगतात, “आज शिकाऊ बाईंनी शिकवलं.” आई विचारते, “काय शिकवलं?” मूल म्हणते, “फुलपाखराचं मोठं चित्र दाखवलं.” आई पोळ्या लाटायला लागते आणि विषय तिथेच संपतो.

हा विषय इतक्यावर संपू नये, असे मला वाटते. कारण या शिकाऊ बाईंशी आपला संबंध दोन बाजूंनी येतो. एक तर आपली मुले त्यांच्या हाताखाली शिकतात. खाजगी शाळेची फी परवडणारे पालक शाळा बदलू शकतात, आपल्याला बहुधा तीच शाळा असते. दुसरे असे की, त्या शिकाऊ बाई अनेकदा आपल्याच घरातल्या असतात. गिरणीत, रेल्वेत, सफाई खात्यात, बांधकामावर राबलेल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला डी.एड. किंवा बी.एड.ला घातलेले असते. तेव्हा शिक्षक होणाऱ्याची परीक्षा कशी घेतली जाते, त्याला गुण कशावरून दिले जातात, हा प्रश्न आपल्या मुलांचाही आहे आणि आपल्या लेकी-सुनांचाही आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. शिक्षक प्रशिक्षणावर देखरेख ठेवण्यासाठी १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद स्थापन झाली. या परिषदेने २०१४ साली नवे नियम केले. त्यांनी बी.एड.चा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि या दोन वर्षांत किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढले पाहिजेत असे ठरवले : पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आपल्याकडे याला छात्रसेवाकाल किंवा आंतरवासिता म्हणतात. पोहणे जसे तलावाच्या काठावर बसून येत नाही, तसे शिकवणे व्याख्याने ऐकून येत नाही, हे या नियमामागचे साधे तत्त्व आहे.

हा बदल काही आपोआप झाला नाही. त्यामागे महाराष्ट्राचीच एक कहाणी आहे. आपल्या राज्यात डी.एड.च्या २९१ संस्थांच्या मान्यतेवरून वाद झाला. तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ साली अहवाल दिला. तपासलेल्या संस्थांपैकी बहुतेक मान्यतेच्या लायकीच्या निघाल्या नाहीत. म्हणजे पालकांनी फी भरली, मुलांनी वर्षे घातली, वह्या भरल्या, प्रमाणपत्रे भिंतीवर लागली, पण शिकवायला शिकवणारी व्यवस्था तिथे नव्हतीच. या नुकसानीची भरपाई कोणाला मिळाली? कोणालाही नाही.

आता वीस आठवड्यांच्या त्या काळात गुण कसे मिळतात ते पाहू. छात्राध्यापक पाठाचे टाचण काढतो. त्यात उद्दिष्टे लिहायची, अध्यापक काय करील आणि विद्यार्थी काय करतील याचे रकाने भरायचे, फलकलेखन आखायचे, शेवटी मूल्यमापनाचे प्रश्न लिहायचे. मार्गदर्शक प्राध्यापक टाचण तपासून सही करतात. मग पाठ होतो. प्राध्यापक किंवा शाळेतले शिक्षक मागे बसून तो पाहतात, वहीत शेरा लिहितात आणि गुण देतात. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. व्यवहारात काय होते? एकाच वेळी दोन शाळांतले पाठ एकाच प्राध्यापकाच्या वाट्याला येतात. अनेक महाविद्यालयांत पदे रिकामी असतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाला अशा धावपळीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तो दहा मिनिटे एका वर्गात बसतो, दहा मिनिटे दुसऱ्या. मग शेरा पडतो : “तयारी चांगली. आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे.” हाच शेरा पुढच्या वहीतही असतो. गणिताच्या पाठालाही हाच आणि इतिहासाच्या पाठालाही हाच.

मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. माझे सारे आयुष्य नोंदी आणि त्यांच्या आधारांत गेले. आमच्या कचेरीत पाच रुपयांचा चहा लिहायचा असेल, तरी व्हाउचर लागते. व्हाउचर नसेल तर ऑडिटर लाल शाईने विचारतो, “आधार?” मग मला प्रश्न पडतो की, पाच रुपयांच्या चहाला आधार लागतो, तर एका माणसाला पुढची तीस वर्षे मुलांसमोर उभे करणाऱ्या गुणाला आधार नको? पाठाला पन्नासपैकी एकोणचाळीस गुण मिळाले, ही झाली नोंद. तिचे व्हाउचर कुठे आहे?

पुरावा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ आहे. एक छात्राध्यापिका रंगीत तक्ता आणते, गोड आवाजात बोलते, फळ्यावर सुंदर अक्षरात उदाहरण सोडवते आणि विचारते, “समजलं ना मुलांनो?” सारा वर्ग एका सुरात ओरडतो, “हो बाई!” घंटा होते. निरीक्षक खूष होतात.

आता त्याच मुलांच्या वह्या उघडा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? वहीत लिहिले आहे, दोन पंचमांश. मुलांनी वरचे अंक वरच्यात मिळवले आणि खालचे खालच्यात. म्हणजे अर्धी भाकरी आणि आणखी एका भाकरीचा तिसरा हिस्सा एकत्र केला, तर अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी भरते! वर्ग “हो बाई” म्हणाला, पण वही “नाही बाई” म्हणते. निरीक्षकाने आवाज ऐकून गुण दिले. वही कोणी पाहिली नाही.

दुसरी छात्राध्यापिका घ्या. तिचा तक्ता साधा, अक्षर बेताचे, वर्गात थोडी गडबड. पण तिने आदल्या दिवशीच्या वह्या पाहून ही चूक हेरलेली आहे. ती कागदाच्या भाकऱ्या करून मुलांच्या हाती देते, कापायला लावते, एकावर एक ठेवायला लावते. मुले आपसांत भांडतात, “अरे, हे तर अर्ध्यापेक्षा जास्त होतंय!” तासाच्या शेवटी ती प्रत्येकाला एक वेगळे उदाहरण देते आणि वह्या घरी नेऊन पाहते. कोणाला जमले, कोणाला नाही, नाही तर का नाही, हे लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यावरून बदलते. या दोघींपैकी शिक्षिका कोण? तुम्ही-आम्ही लगेच सांगू. पण वरवर पाहून दिलेल्या गुणांत पहिलीच पुढे जाण्याचा संभव आहे.

म्हणून पाठाच्या गुणामागे निदान चार आधार असावेत, असे माझे म्हणणे आहे.

पहिला आधार टाचणाचा. पण ते याच वर्गासाठी, याच मुलांना पाहून काढलेले हवे. दुकानात मिळणाऱ्या मार्गदर्शकातून उतरवलेले टाचण हे दुसऱ्याच्या नावाचे रेशनकार्ड आहे. त्यावर आपले धान्य मिळत नाही.

दुसरा आधार निरीक्षणाच्या नोंदीचा. “छान”, “बरा”, “सुधारणा हवी” ही विशेषणे झाली. नोंद म्हणजे काय घडले ते लिहिणे. उदाहरणार्थ : “नऊ प्रश्न विचारले. सात प्रश्न पहिल्या दोन बाकांना. खिडकीजवळच्या रांगेला एकही प्रश्न नाही. एका मुलीने चुकीचे उत्तर दिले, तेव्हा ‘बस खाली’ म्हटले, ती का चुकली हे विचारले नाही.” अशी नोंद वाचून छात्राध्यापकाला उद्या काय बदलायचे ते कळते. “सुधारणा हवी” वाचून काय कळणार?

तिसरा आधार मुलांच्या कामाचा. पाठाच्या आधीचे आणि नंतरचे. सगळा वर्ग नको. चटकन शिकणारे एक मूल, मधले एक आणि मागे राहिलेले एक, अशा तिघांच्या वह्यांची पाने पुरेत. त्यांवर नावे नकोत. आणि त्या तिघांत मागे राहिलेल्याचे पान सर्वांत महत्त्वाचे समजावे, कारण पुढचे मूल कोणी शिकवले नाही तरी शिकते.

चौथा आधार छात्राध्यापकाच्या स्वतःच्या टिपणाचा. काय जमले, काय फसले आणि पुढच्या पाठात काय बदलले. यातला शेवटचा भाग नसेल, तर बाकीचे टिपण म्हणजे नुसता निबंध.

ज्यांनी बी.एड. केले आहे, त्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली आणि नंतर आपल्याकडे आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचे छत्तीस मिनिटांचे चक्र दिलेले असते. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे सूचना ऐकायच्या, बारा मिनिटे पुन्हा तयारी करायची, सहा मिनिटे तेच पुन्हा शिकवायचे आणि सहा मिनिटे पुन्हा सूचना ऐकायच्या. पाहा, यात सर्वांत जास्त वेळ कशाला दिला आहे? पुन्हा तयारी करण्याला. चुकणे हा गुन्हा नाही, चूक पाहून पुन्हा करणे हेच शिक्षण, असा याचा अर्थ आहे. पण पहिली सहा मिनिटे होतात, सही होते आणि उरलेली तीस मिनिटे वहीत लिहून टाकली जातात, असे जिथे चालते, तिथे चक्र फिरतच नाही.

आता आपल्या लोकांच्या दृष्टीने जो सर्वांत नाजूक मुद्दा आहे, त्याकडे वळतो. रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत मुले बसतात. तिथे बी.एड. करणारी वस्तीतली एक मुलगी येते. ती एकदा वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, लेखी पेपरात मी वर्गात तिसरी आहे. पाठांत मात्र मला सर्वांत कमी गुण. पाच पाठांना एकच शेरा : उच्चार सुधारावेत, व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही. मी कुणाला विचारू?”

मी तिला विचारले, “बाळ, मुलांना तुझं बोलणं कळत होतं का?”

ती म्हणाली, “काका, मुलं तर माझ्याच बोलीत बोलतात.”

यावर काय बोलावे? ते शेरे देणाऱ्याच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही आणि पुराव्यावाचून कोणावर आरोप करणे मला मान्य नाही. पण अडचण नेमकी हीच आहे. पुरावा नसल्यामुळे निरीक्षक निर्दोष असला, तरी ते सिद्ध होत नाही. आणि मुलीवर अन्याय झाला असला, तरी तोही सिद्ध होत नाही. लेखी पेपराचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला की, माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. त्या एका निकालाने कितीतरी गरीब मुलांना दाद मागायची वाट मिळाली. पण पाठाची उत्तरपत्रिका कुठे असते? चाळीस मिनिटांचा पाठ घंटेबरोबर हवेत विरतो आणि मागे उरतो फक्त एक आकडा. अर्ज केला, तरी तुम्हाला तोच आकडा पुन्हा दाखवतील.

“व्यक्तिमत्त्व”, “छाप”, “उच्चार” असे रकाने जिथे मोठे असतात, तिथे ज्याच्या घरी चांगले कपडे, पुस्तकी भाषा आणि आत्मविश्वास पिढ्यांपासून आहे, त्याला गुण मिळणे सोपे जाते. “मुलांच्या वहीत काय बदलले” हा रकाना मोठा केला, तर मेहनतीला गुण मिळतात. म्हणून पुराव्याची मागणी ही सवलतीची मागणी नाही. उलट, आमचे काम उघडे करून तपासा, असे म्हणणे आहे.

हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयी नेमके बोलून ठेवले आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, होता होईल तो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा समजून घेतील, आणि त्यांना किमान बारा रुपये पगार असावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. म्हणजे मुलांची बोली येणे हा त्यांनी शिक्षकाचा गुण मानला होता. आणि नुसती आपुलकी पुरे नाही, प्रशिक्षणही हवे, हेही त्यांना ठाऊक होते. कारण सावित्रीबाई नुसत्या हिमतीवर शिक्षिका झाल्या नव्हत्या. त्यांनी त्या काळच्या अहमदनगरात मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते.

कोणी म्हणेल, “मग एक मोठी परीक्षा ठेवा, म्हणजे सगळ्यांना एकच माप.” ती आहेच. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, महाराष्ट्रात २०१३ पासून घेतली जाते. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, पर्यायापुढे खूण करायची. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले. ज्ञान तपासायला अशी परीक्षा हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण अपूर्णांक स्वतःला येणे आणि ते मागच्या बाकावरच्या मुलाला समजावता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय, नुसत्या आकड्याचे काय होते, तेही आपण पाहिले. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून अपात्रांना पात्र ठरवल्याचा घोटाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाला. साडेसात हजारांहून अधिक उमेदवार त्यात सापडले. प्रामाणिकपणे रात्र-रात्र अभ्यास करणाऱ्या मुलांच्या तोंडचा घास पैशाने पळवला गेला. आकडा बदलणे सोपे असते. तीन मुलांच्या वह्या, चार पाठांच्या नोंदी आणि दोन निरीक्षकांच्या सह्या एकमेकांशी जुळवून खोट्या करणे त्या मानाने कठीण असते.

कठीण असते म्हणालो, अशक्य नव्हे. पुराव्याचेही सोंग आणता येते, हे आपण विसरू नये. टाचणवह्या आणि प्रकल्पाच्या फायली पैसे देऊन लिहून घेतल्या जातात, हे शिक्षण क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. मुलांच्या वह्या पाठानंतर बाईंनीच फळ्यावरून उतरवून घ्यायला लावल्या, तर त्यांत शिकण्याचा पुरावा काही नाही. म्हणून वहीतले उदाहरण फळ्यावरच्या उदाहरणापेक्षा वेगळे हवे आणि मुलाने खोडलेले, चुकलेले तसेच राहू द्यावे. जी वही फारच स्वच्छ दिसते, तिच्याकडे जरा संशयाने पाहावे. आमच्या हिशेब खात्यातही एकही खाडाखोड नसलेली रोकडवही दिसली की ऑडिटर चष्मा पुसतो.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव शिकण्यासारखा आहे. तिथे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी शिकाऊ शिक्षकांसाठी “एडटीपीए” नावाचे मूल्यमापन तयार केले. उमेदवाराने सलग तीन ते पाच पाठांचे नियोजन द्यायचे, आपल्या शिकवण्याचे चित्रीकरण द्यायचे, मुलांच्या कामाचे नमुने द्यायचे आणि या सगळ्यावर आपले विवेचन लिहायचे. ते पंधरा निकषांवर तपासून प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले जात. कल्पना उत्तम होती. शिक्षकाला त्याच्या प्रत्यक्ष कामावरून पारखायचे, हेच तिचे सूत्र.

पण पुढे काय झाले? हे काम पिअर्सन या मोठ्या कंपनीमार्फत चालले आणि त्याची फी होती तीनशे डॉलर. ती उमेदवाराने भरायची, तीही अशा महिन्यांत, जेव्हा तो पगाराविना शाळेत काम करीत असतो. चित्रीकरणासाठी पालकांच्या परवानग्या, तांत्रिक अटी, पानेच्या पाने लेखन. शिकवण्यातले लक्ष उडून उमेदवार फाईल पुरी करण्यामागे लागतो, दूर बसलेला परीक्षक त्या वर्गातल्या मुलांना ओळखत नाही, आणि गरीब व कृष्णवर्णीय उमेदवारांवर हा भार जास्त पडतो, अशा तक्रारी झाल्या. शिक्षकांचा तुटवडाही जाणवत होता. जॉर्जिया राज्याने २०२० साली ही अट काढली, वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली, आणि २०१४ पासून ती लागू करणाऱ्या न्यूयॉर्कने २०२२ साली.

याचा अर्थ पुरावा नको असा घ्यायचा का? मी तसा घेत नाही. पुरावा गोळा करण्याचा खर्च उमेदवाराच्या गळ्यात घातला आणि पुरावा तपासणारा वर्गापासून फार दूर नेऊन बसवला की, चांगली कल्पनाही गरिबाच्या अंगावर उलटते, हा त्यातला धडा आहे. आपल्याकडे उद्या कोणी पाठाच्या चित्रीकरणाची अट घातली, तर पहिला प्रश्न आपण हाच विचारला पाहिजे : मोबाईल कोणाचा, पैसे कोणाचे आणि तपासणारा कोण? वही, नोंद आणि सही यांना तीनशे डॉलर लागत नाहीत. चित्रीकरण करायचेच तर महाविद्यालयाच्या साधनाने, शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीने करावे, आणि ते मोबाईलच्या ग्रुपवर फिरू नये. आपल्या लेकराचा चुकतानाचा चेहरा गावभर जावा, असे कोणत्या आईला वाटेल?

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मुलांच्या वह्या हा आधार आहे, पण तो एकटाच आधार मानू नये. ज्या वर्गात साठ मुले आहेत, त्यांतली पंधरा ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन परत आली आहेत, ज्या वर्गाचे मागचे दोन इयत्तांचे राहून गेले आहे, तिथे तीन आठवड्यांत शिकाऊ बाईंनी चमत्कार करावा, ही अपेक्षा चुकीची आहे. मूल कुठे पोहोचले, यापेक्षा ते कुठून निघाले होते आणि बाईंनी ते ओळखले होते का, हे पाहावे. एका दिवसाच्या पाठावर निकाल देऊ नये. एकाच वर्गावरचे निदान तीन-चार पाठ, निरनिराळ्या दिवशी, आणि दोन वेगळ्या माणसांनी पाहिलेले असावेत. त्यांतला एक शाळेतलाच वर्गशिक्षक असावा, कारण खिडकीजवळच्या रांगेतले ते मूल कधी बोलत नाही आणि आज बोलले, हे त्यालाच कळते.

मग आपण काय करायचे?

जी मुले-मुली बी.एड. किंवा डी.एड. करीत आहेत, त्यांना माझे सांगणे असे : कोणी मागो वा न मागो, आपला पुरावा आपण ठेवा. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पाठाची तारीख, इयत्ता, हजर मुले, काय शिकवले, तासाच्या शेवटी दिलेले एक उदाहरण आणि ते किती जणांना जमले, हे त्याच संध्याकाळी लिहा. दुसऱ्या दिवशी काय बदलले तेही लिहा. पाठ पाहणाऱ्या सोबत्याला आणि वर्गशिक्षकाला दोन ओळी लिहून सही करायला नम्रपणे विनंती करा. शेरा “सुधारणा हवी” असा आला, तर अदबीने विचारा, “सर, कोणत्या क्षणी काय चुकलं, ते सांगाल का? मला पुढच्या पाठात दुरुस्त करायचं आहे.” हा उद्धटपणा नाही, हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. आणि उत्तर मिळाले तर मनापासून दुरुस्ती करा. आपल्यावर अन्याय झाला असेल, अशी शंका असताना आपले दोष पाहणे जड जाते. पण समोर बसलेल्या मुलांचा त्यात काही अपराध नसतो.

आमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलीने अशी वही सुरू केली आहे. तिचे गुण वाढले की नाही, हे निकाल लागल्यावर कळेल. पण चौदा पानांनंतर तिला स्वतःलाच एक गोष्ट दिसली की, ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर सांगून टाकते. पाच शेऱ्यांनी जे तिला सांगितले नाही, ते तिच्या वहीने सांगितले.

पालकांनी काय करावे? शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या सभेला आपण जातो का? की रजिस्टरवर सही करून मोकळे होतो? छात्रसेवाकाल सुरू होण्याआधी सभेत दोन प्रश्न विचारा. शिकाऊ शिक्षक असताना आमचे नेहमीचे शिक्षक वर्गात हजर राहतात का? आणि शिकाऊ शिक्षक गेल्यावर जे राहून गेले, ते कोण भरून काढते? शिकाऊ बाई आल्या की नेहमीच्या शिक्षकांना सर्वेक्षणाच्या आणि माहिती भरण्याच्या कामाला जुंपायचे, असे होत असेल, तर त्यात बाईंचेही नुकसान आहे आणि मुलांचेही.

आणि घरी, रोज संध्याकाळी, मुलाला “शिकाऊ बाई कशा आहेत?” असे विचारू नका. “बाईंनी दिलेलं एक उदाहरण मला करून दाखव” असे म्हणा. आपल्याला ते उदाहरण येत नसले तरी चालेल. मुलगा समजावून सांगतो की अडखळतो, हे कळायला आईला डिग्री लागत नाही.

जे बांधव स्वतः शिक्षक आहेत, मार्गदर्शक आहेत, त्यांच्याकडे हात जोडून एक मागणे आहे. आपल्यापैकी अनेकांना कोणीतरी नुसत्या शेऱ्याने खाली बसवले होते. आज लाल पेन आपल्या हाती आहे. सही करण्यापूर्वी, काय घडले, याच्या दोन ओळी लिहा. आपल्या माणसाला वाढीव गुण देऊ नका आणि परक्याला कमी देऊ नका. दोघांनाही आधारासह द्या. त्या दोन ओळी लिहायला तीन मिनिटे लागतात. त्या वाचून जो शिक्षक तयार होईल, तो पुढची तीस वर्षे आपल्या वस्तीतल्या मुलांसमोर उभा राहणार आहे.